बाबांची ठेंगणी मोटारसायकल

मंडळी, आज सकाळी बाबांची जुनी मोटारसायकल विकली. तेव्हापासून कशातच मन लागत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बाबा जेमतेम साडेचार फूट. भिलाई-३ ला रेल्वेत होते. छत्तीसगड वेगळं होण्याआधी, मध्य प्रदेशच्या काळात, मी सातवीत असताना त्यांनी ही छोटी गाडी घेतली. तरी पाय जमिनीला टेकेनात. मग सेक्टर २ च्या मिस्त्रीकाकांनी सीटचा फोम कापला, मागचे शॉकअप बुटके बसवले. फाटकावर गाडी थांबली की बाबा एका बाजूला कलायचे आणि लोक हसायचे.

मला लाज वाटायची.

"मले शाळेत सोडू नका, मी पायी जाईन," मी म्हटलं.

"कावून वं?" बाबांनी एकदाच कारण विचारलं. मी दप्तर उचलून निघाले. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

आज गाडी घ्यायला तेच मिस्त्रीकाका आले. आता म्हातारे झालेत. सीटवर हात फिरवत म्हणाले, "समोरचाच फोम कापला होता म्या. मागचा तुह्या बाबानं कापू देल्ला नाही. म्हणे, मागं माही पोरगी बसन, तिले टोचलं नाही पाहिजे."

मी मागे एकदाही बसले नाही. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

आपल्याच माणसाची लाज वाटल्याचं तुम्ही कधी त्याच्याजवळ कबूल केलंय का?