पुरुषांच्या नावावरची पुस्तकं

निलंग्यापासून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी अध्यक्ष. शिक्षण चौथी. अध्यक्ष कसा झालो ते आधीच सांगून टाकतो, उगं कुणाला वाटायचं मी लई वाचतो म्हणून. गावात दोन पार्ट्या. एका पार्टीचा माणूस अध्यक्ष झाला की दुसरी पार्टी पेपर वाचायलासुद्धा फिरकायची नाही. मी कुणाचाच नव्हतो आणि माझ्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. खोली दिली, अध्यक्षपद आलं. त्याला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी पुरतं वाचलेलं पुस्तक एक, तेही शेळीपालनाचं.

वाचायची माझी बायको. उदगीरकडची, सातवी पास. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली. कावीळ झाली, लातूरला नेली, बारा दिवस ठेवली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माणूस होतं, आता नाही.

वाचनालयात सकाळ-संध्याकाळ गडीमाणसं बसतात. पेपर, तंबाखू, राजकारण. तिथं बायका यायच्या नाहीत, आणि त्यांनी यावं असं आम्हालाही कधी वाटलं नाही. तिला वाटायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी भांडी झाली की ती बाजाराच्या पिशवीत पंधरा-वीस पुस्तकं भरायची, वर मेथीची जुडी ठेवायची आणि निघायची. मेथी कशाला, तर पारावरचे म्हातारे विचारायचे कुठं निघालीस म्हणून. मेथी दिसली की कोणी विचारत नाही. कोणत्या घरात काय लागतं ते तिला माहीत. नव्या सुनेला काय, लेकरू गेलेल्या बाईला काय.

नोंद ती स्वतःच करायची. पण आमची पद्धत अशी की सभासद म्हणजे घरचा कर्ता. कार्ड त्याच्या नावाचं. पुस्तक सुनेनं नेलं तरी देवघेवीच्या वहीत नाव सासऱ्याचं. यात कुणाला वावगं वाटलं नाही. सातबारा त्याच्या नावावर असतो, तसं पुस्तक.

ती जाऊन तीन महिने झाले होते. वाचनालयाच्या संचालक मंडळाचे सचिव, रिटायर गुरुजी, घरी आले. म्हणाले, "अध्यक्ष, शासन दरसाल चांगल्या वाचनालयाच्या मंडळाला पुरस्कार देतं. औंदा आपण अर्ज टाकू." मी म्हणालो, टाका. मला तेव्हा कुणी विहिरीत उडी मारू म्हटलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

अर्ज गेल्यावर तपासणीला लातूरहून एक मॅडम आल्या. तरुण, चष्मा, कामाला चोख. सगळ्या वह्या मागून घेतल्या.

"महिला वाचक किती आहेत?"

"भरपूर हायत मॅडम," गुरुजी म्हणाले.

"देवघेवीच्या वहीत तर एकही दिसत नाही." पानं उलटता उलटता त्या थांबल्या. "हे कोण आहेत? बाळंतिणीचा आहार, रुखवताच्या वस्तू, लोणची-मुरंबे, परत बाळंतिणीचा आहार. सगळं एकाच माणसानं नेलंय."

"ते पैलवान हायत."

"पैलवान बाळंतिणीचा आहार वाचतात?"

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला एकजण मान वर न करता म्हणाला, "वाचीत असंल की. पोट बघा त्याचं, नववा लागलाय."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मला हसू आलं नाही. मला वहीत तिचं अक्षर दिसत होतं.

मॅडमना मी खरं ते सांगितलं. पुस्तकं घरोघर जात होती, माझी बायको नेत होती, वाचत होत्या त्या बायका. त्यांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हणालो, ती गेली. मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण कागदावर हे काम झालेलंच नाही." पुराव्यासाठी महिन्याची मुदत देऊन त्या निघून गेल्या.

झालेलंच नाही, हे मला लागलं. पुरस्कार गेला खड्ड्यात. पण वीस-बावीस वर्षं ती उन्हातान्हात फिरली ते झालेलंच नाही, हे कसं ऐकून घ्यायचं?

गुरुजींनी तोड काढली. "नवी वही आणतो. बायकांची नावं घालून सगळं उतरून काढू. एका रविवारचं काम हाय."

"वही बदलायची न्हाई गुरुजी."

"मग करता काय?"

"दारोदार जातो. ज्या बाईनं वाचलं तिनं सही करावी."

"तुमी? बायकांच्या दारात?"

"मग दुसरं कोण हाय?"

तिची वही घेऊन निघालो. दुपारचीच वेळ धरली, कारण गडी रानात असतात. पहिल्या दोन घरांत तर काही जमलंच नाही. "आमी न्हाई बाई वाचलं, मालकांनीच वाचलं असंल," म्हणून दार लोटून घेतलं. भीती असते. वहीत नाव आलं की काहीतरी भरावं लागतं, असा समज. तिसऱ्या घरी एक म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी.

"आता आलास व्हय?" म्हणाली. "ती उन्हात फिरत होती तवा कुठं होतास?"

"झोपलेला."

"मग बस आता."

बसलो. म्हातारीला वाचता येत नव्हतं, नातसून वाचून दाखवायची. म्हणाली, "लबाड होती तुझी बायको. पुस्तक देताना अर्धी गोष्ट सांगायची आन नेमकी थांबायची. फुडलं तुमीच बघा म्हणायची. मग काय, पोरीला कामधाम सोडून वाचायला बसवायची मी."

त्रेचाळीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. मला तिनं अर्धी काय, पाव गोष्टपण कधी सांगितली नाही. मी विचारली नाही हेही खरं.

त्या नातसुनेनं पहिली सही केली. मग ती वही घेऊन माझ्या पुढं पुढं चालायला लागली आणि दारं उघडायला लागली. पुरुषाचं नाव तसंच ठेवायचं, त्याच्यासमोर लाल पेननं "मी वाचले" आणि खाली आपलं नाव. पैलवानाच्या बायकोनं ओळीनं अकरा ठिकाणी सह्या केल्या. पैलवान उंबऱ्यात उभा राहून बघत होता. म्हणाला, "एवढी वाचलीस व्हय तू? कवा?" ती म्हणाली, "तुमी तालमीत असताना." पैलवान आत जाऊन तांब्या घेऊन आला. मग म्हणाला, "अध्यक्ष, पाणी घ्या."

तीन आठवडे गेले. वही लाल झाली. मॅडम परत आल्या, एकेक पान बघितलं, दोन घरी जाऊन खात्री केली. पुरस्कार मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यात मंडळाची सगळी नावं होती, माझं सगळ्यात वर. तिचं नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, पुरस्कार मंडळाला असतो. काकू मंडळावर नव्हत्या ना."

नव्हती. का नव्हती ते मला माहीत आहे. मंडळावर एक तरी बाई पाहिजे असं मागं ठरलं, तेव्हा गुरुजींनी आमच्या घरातलंच नाव सुचवलं होतं. नको म्हणणारा मी. एका घरातली दोन माणसं बरी दिसत नाहीत, गाव नावं ठेवील, म्हणालो. सरपंचाच्या बायकोचं नाव घातलं. बाई चांगली आहे, पण सही घरून यायची. हे ठरलं तेव्हा आमची ही तिथंच चहा देत होती. तिनं ऐकलं. त्या शुक्रवारी पिशवी घेऊन निघाली. मला त्यात काही दिसलं नाही तेव्हा.

लातूरला कार्यक्रम झाला. हॉल मोठा, पंखे जोरात. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. मानपत्र वाचलं: संचालक मंडळानं घरोघरी जाऊन महिलांपर्यंत ग्रंथ पोचवले. मग म्हणाले अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. मी माइकवर म्हणालो, "घरोघरी मंडळ गेलं न्हाई. माझी बायको गेली. तिला मी मंडळावर घेतलं न्हाई. ती चूक माझी." आणि खाली आलो.

टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीतले साहेब हात दाबून म्हणाले, केवढं मोठं मन. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पत्नीच्या आठवणीनं अध्यक्ष भावुक. मी भावुक बिवुक नव्हतो. मी तक्रार सांगत होतो, माझीच. लोकांना ते भाषण वाटलं.

म्हणून पुढच्या मासिक सभेत तिच्या कामाचा ठराव घ्यायचा विषय मीच काढला.

गुरुजी म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल शोकठराव असतो अध्यक्ष. तो आपण मागंच केला."

"शोक नको. काम लिव्हा. कोण करत होतं, किती साल, आन मंडळावर का घेतलं न्हाई ते."

एक सदस्य म्हणाला, "ते शेवटचं कशाला? कायमचं राहतंय ते वहीत. आपलीच अब्रू."

"माझी हाय. जाऊ द्या."

कोणी विरोध केला नाही. गुरुजी लिहायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. "अध्यक्षांच्या पत्नी, असं घालू? शोकठरावात तसंच घातलं होतं."

"नाव घाला."

गुरुजींनी बाकीच्यांकडं बघितलं. बाकीच्यांनी टेबलाकडं. तीस वर्षं ह्या सगळ्यांनी तिच्या हातचा चहा घेतला. कुणाची ती वहिनी, कुणाची काकू. नाव एकालाही ठाऊक नव्हतं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी अगं म्हणायचो, नाहीतर थोरल्याची माय. लग्नात घ्यायला लावलं तेवढंच. दवाखान्याच्या कागदावर पोरानं लिहिलं.

घेतलं. जरा जास्तच मोठ्यानं निघालं. बाहेर पेपर वाचणारे वळून बघायला लागले. गुरुजींनी लिहून वही माझ्यापुढं सरकवली. मी बोट ठेवून, जसं वाचतो तसं, एकेक अक्षर वाचलं. बरोबर होतं. खाली सही केली.

पुढचा विषय पत्रे गळतात तो होता. तो घेतला.