ब्रेक डाव्या हाताला

“मले पोरखेळ नाई खेळायचा, मॅडम,” असं म्हणत दिनकरभाऊंनी पेगबोर्ड माझ्याकडे सरकवून दिला.

पेगबोर्ड म्हणजे भोकांची फळी. भोकात खुंट्या घालायच्या, काढायच्या. मी वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे; आजारानं कमजोर झालेला हात पुन्हा रोजच्या कामाला लावणं हा माझा धंदा. दिनकरभाऊ आर्वी डेपोचे रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांचा डावा हात गेला. बायकोनं बटणं लावून द्यायची याची त्यांना इतकी लाज, की शर्ट घालणंच सोडलं आणि घराबाहेर पडणंही. हात थोडा हलत होता, पण ते वापरत नव्हते. न वापरलेला हात मेंदू विसरून जातो. मग माझ्यासारखीनं कितीही डोकं आपटलं तरी फार काही होत नाही.

त्यांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरी ते उजव्या अंगठ्यानं मोबाइलवर बस चालवायचा गेम खेळत बसतात. मी कान टवकारले.

मी आमच्या विभागप्रमुख सरांकडे वायरलेस गेम कंट्रोलर मागितला.

“थेरपीत गेम?” सर म्हणाले.

“खुंट्या घालून-काढून तरी घरी कोणाचं काम होतं, सर?”

त्यांनी सही केली. मी हट्टाला पेटले की ते फार ताणत नाहीत.

दुकानदारानं आधी मोबाइल मधोमध अडकवायचा कंट्रोलर काढला. तो नको, कारण मोबाइलचं वजनही कमजोर हातावर येतं. मी सुटा घेतला. तो मांडीवर टेकवायचा आणि मोबाइल समोर स्टँडवर ठेवायचा. मग प्रश्न ट्रिगरचा. ट्रिगर म्हणजे कंट्रोलरच्या मागचं, तर्जनीनं दाबायचं बटण. दुकानदाराचं म्हणणं, टच केला की फायर होणारा घ्या, शूटिंग खेळणारे सगळे तोच नेतात. मला नेमका तोच नको होता. तो एकतर पूर्ण चालू, नाहीतर बंद. मला हवा होता अ‍ॅनालॉग, म्हणजे जितका दाबाल तितकाच ब्रेक. त्यानं नाक मुरडत मागच्या रॅकमधून काढून दिला. मी तो ब्लूटूथनं माझ्या फोनला जोडून तिथंच उभ्यानं बस चालवून बघितली. बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. बघू देत.

मी एसटीतच लहानाची मोठी झाले. चांगला ड्रायव्हर ब्रेक लावताना मागं उभी असलेली म्हातारी डोक्यात ठेवतो, हे मला ठाऊक होतं.

सेटिंगमध्ये मी स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हाताला दिलं. ब्रेक एकटा डाव्या तर्जनीला. दिनकरभाऊ हुशार. त्यांनी उजवा हातच पलीकडे नेऊन ब्रेक दाबला. इकडे स्टिअरिंग सुटलं आणि बस नाल्यात.

“हे काऊन असं करून ठेवलं?” ते भडकले. “ब्रेक इकडे द्या ना.”

“नाई देत. पॅसेंजर तुमचे आहेत, भाऊ. तुम्हीच सांभाळा.”

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग डावं बोट ट्रिगरवर ठेवून दाबलं. बस गचकन थांबली.

“सारे पडले असतीन,” ते पुटपुटले आणि बस पुन्हा सुरू केली. मग पुन्हा. जेवणाची सुट्टी झाली तरी उठेनात.

कंट्रोलर त्यांना घरी दिला. आधी बोट वळायला लागलं, मग मूठ, मग चिमूट. पेगबोर्डही त्यांनी न कुरकुरता केला.

परवा ते आर्वीहून एकटे एसटीनं आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

“मीच लावले,” ते म्हणाले.

एक बटण चुकीच्या काजात होतं. मी ते तसंच राहू दिलं. मला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायलाही मी वळले नाही.

खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी तक्रार केली, “आजचा ड्रायव्हर लय झटके देऊन राह्यला होता. त्याले पाठवजा तुमच्याकडे.”

सर आता स्वतःहून विचारतात, दुसरा कंट्रोलर कधी आणायचा. मी सांगितलं, आधी पेशंट येऊ द्या. त्याला आयुष्यभर काय सांभाळायची सवय आहे हे कळल्याशिवाय दुकानात जाऊन काय करू?