जन्माची तूट

गेल्या महिन्यात कापडे गावच्या भातगिरणीवाल्याने आपल्या मुलीचे लाडू बंद केले. मुलगी जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची होती. आता ती आठ वर्षांची आहे; उभी राहू लागल्यापासून तो दर सोमवारी तिला पोत्यांच्या काट्यावर उभी करून आठवड्याचे लाडू देत असे. मी भात घेऊन गेलो की सांगायचा, "जन्माची तूट हाय, भरायला नको?"

पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासले. "लहान जन्मलेल्या मुलांना असं फुगवू नका. हिला आतून सूज आहे, पुढे साखर मागे लागेल."

त्याने तिथेच मुलीला गोल फिरवून पाहिले. "भायेरून तर काय दिसत नाय!"

उरलेले लाडू टाकवेनात, म्हणून त्याने स्वतः संपवले. काल काट्यावर मुलगी अर्ध्या किलोने उतरली होती. मग तिने बापाला उभे केले. तो दोन किलोने चढला होता. आकडा तिने गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवला.