वेठीचं बटण

राज्य बुडवायला आम्हाला जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त वेळ सरकारला राज्य सुरू करायला लागायचा. संगणकाच्या पडद्यावर इसवीसनाच्या कितीतरी आधीचा काळ, हिरव्या माळावर तिची टोळी बिऱ्हाड घेऊन उभी, आणि ही बाई गाव वसवायलाच तयार नाही. "आधी पाणी बघू दे," म्हणायची. नदी बघायची, नदीच्या पलीकडचं बघायची, डोंगराच्या आडोशाला काय आहे ते बघायची. मागे बसलेला इरफान सुस्कारे टाकायचा. "ताई, सम्राट व्हायचंय का पाणीपुरवठ्यात नोकरी धरायचीय?" ती मान न वळवता म्हणायची, "जालन्यात राहून हे विचारून राह्यला तू?"

सरकार म्हणजे आमची ताई. मूळची परतूरची, डी.एड. झालेली. मास्तरकीच्या ऑर्डरची वाट बघत नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. मी नळाच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या पोरांतला. आमची पत्रकं तीच टाइप करून द्यायची, तिथली ओळख. इरफान बियाण्यांच्या गोदामात कामाला. 'सरकार' हे नाव त्यानंच ठेवलं. रविवारी दुपारी क्लासला सुट्टी आणि चावी ताईकडे. लोडशेडिंगनं सोडलेली दुपार आम्ही तिघं त्या खोलीत राज्यं करण्यात घालवायचो. मासिकांतल्या चित्रात आमच्याकडची मुलगी अजूनही डोक्यावर हंडा घेऊनच उभी असते. ते चित्र काढणाऱ्यांनी एकदा ताईला घोडदळ हलवताना बघायला हवं होतं. त्यांनी बघितलं नाही, म्हणून मी लिहितोय.

हा खेळ पाळीचा. संगणक एक, खुर्ची एक, राज्यं तीन. एकानं आपली पाळी खेळायची, खुर्ची सोडायची, मग दुसऱ्यानं बसायचं. दुसऱ्याचं सैन्य कुठं आहे हे दिसू नये म्हणून बाकीच्यांनी पडद्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचं, हा ताईचा कायदा. भिंतीवर टायपिंगचा तक्ता होता. तो मला आजही पाठ आहे. ताई पाठमोरी बसली तरी तोंड चालूच. "इरफान, माऊस लई वाजून राह्यला. कुणावर चाललास?" "कुणावर न्हाई ताई, शेतं नांगरून राह्यलो." "एवढ्या जोरात?"

त्या खेळात जगभरातली साम्राज्यं निवडायला होती. आमच्या भागातलं एकही नव्हतं. नकाशावर दख्खन म्हणजे कोरी हिरवी जागा. मी चिडलो. तिथंही आमचा अनुशेष! ताई चिडली नाही. स्वतःचं नाव घालायची एक रिकामी चौकट होती, तिच्यात तिनं राज्याचं नाव टाइप केलं, आणि राजधानी म्हणून परतूर. दुसरं शहर तीर्थपुरी, तिचं आजोळ. जालन्याचा नंबर पुढे कधीतरी. इरफानला ते लागलं. "जालन्याला का न्हाई पहिला मान?" "जालन्याला खऱ्या जगात मिळून राह्यलं ना सगळं, स्टेशन, बँका, कंपन्या. इथं तरी लायनीत थांब." मी विचारलं, "आणि दिल्ली?" तेव्हा ताईचा चेहरा खुलला. "माझ्या इतिहासात दिल्ली एक खेडं हाय. तिथले लोक अर्ज घेऊन परतूरला येतात. आपण म्हणतो, उद्या या, साहेब जेवायला गेलेत." आम्ही तिघं इतके हसलो की शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं.

माझं राज्य फार टिकायचं नाही. सम्राट झालो की मी पहिल्याच पाळीत कर शून्य करायचो, राजवाडा बंद, सैन्य निम्मं. तत्त्व म्हणजे तत्त्व. थोड्याच पाळ्यांत खजिना रिकामा, उरलेले शिपाई पळालेले, आणि इरफान माझ्या राजधानीत शांतपणे चालत आलेला. ताई म्हणायची, "तू राज्य न्हाई काढलंस, पत्रक काढलंस." मला राग यायचा. मग तीच मला कोपऱ्यातली एखादी नदीकाठची जागा देऊन पुन्हा उभं करायची. "घे, पण ह्या खेपेला धान्य साठव. घोषणा मंग दे."

आता बटणाचं सांगतो. खेळात एक धोरण होतं, गुलामीचं. ते लागू केलं की शहरात एक बटण यायचं. कोठार, भिंत, देऊळ, काहीही अर्धवट असलं तरी बटण दाबताच त्याच क्षणी पूर्ण. किंमत एवढीच, की शहराची माणसं कमी व्हायची. ती कुठं गेली, हे खेळ सांगायचा नाही. इरफान ते सटासट दाबायचा. सगळे दाबतात, त्याशिवाय सुरुवातीला वाढच होत नाही. ताई त्याला वेठीचं बटण म्हणायची आणि त्याला हात लावायची नाही. त्यामुळे हरायची. पुन्हा पाणी शोधत सुरुवातीपासून सुरू करायची, पुन्हा हरायची.

एकदा इरफाननं कळवळून म्हटलं, "ताई, ही खरी माणसं न्हाईत. ठिपके हायेत."

ताईनं खुर्ची वळवली. "माझ्या आज्याला न्यायला माणूस यायचा. निजामाचं राज्य होतं. साहेबाचा तंबू पुढच्या गावाला पोचवायचा, डोक्यावर. भाकर ताटात असली तरी उठायचं. मजुरी न्हाई. त्या साहेबालाबी माझा आज्या ठिपकाच दिसत असल." मग पडद्याकडे वळून म्हणाली, "मी माऊसनंसुदिक वेठ घेणार न्हाई. आन एकदा तरी हे राज्य वेठीशिवाय उभं करून दाखवीन. ऑर्डर यायच्या आधी."

इरफान म्हणाला, "दाखवा. पण मी मुद्दाम ढील देऊन खेळणार न्हाई."

"ढील दिलीस तर बाहेर काढून कुलूप लावीन."

तिचा हा हट्ट पडद्यापुरता नव्हता. आमच्या एका पत्रकात मी लिहिलं होतं, 'मोर्चाला प्रत्येक घरातून एक माणूस आलाच पाहिजे.' छापून आलं तेव्हा तिथं होतं, 'प्रत्येक घरातून एक जण या.' मी भांडायला गेलो. चळवळ अशी विनवण्या करून चालते का? ती टायपिंगच्या वह्या तपासत होती. "ज्याच्या घरी पाणी न्हाई त्याला सांगावं लागत न्हाई. आन ज्याला हुकूम सोडशील तो एकदाच येईल." मी बरंच बोललो. तिनं शब्द बदलला नाही. तेव्हापासून आमच्या पत्रकांत 'आलाच पाहिजे' नाही.

ऑर्डर आली. शिक्षणसेवक, नंदुरबारकडच्या एका पाड्यावरची शाळा. आम्ही पेढे खाल्ले आणि तिघांचीही तोंडं उतरली, कारण नेमकं तेव्हाच तिचं राज्य पहिल्यांदा नीट उभं राहात होतं. हळू वाढलं होतं, पण शहरं उपाशी नव्हती. फक्त परतूरची भिंत अर्धी होती, आणि इरफानचं घोडदळ वेशीवर आलं होतं.

जायच्या आधीच्या रविवारी ताई आपली पाळी खेळायला बसली. आम्ही भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ माऊस वाजला नाही. शेवटी इरफानच पाठमोरा बोलला, "दाबा ताई. एकदा. आम्ही बघून न्हाई राह्यलो."

"मी बघून राह्यले ना," ताई म्हणाली आणि पाळी संपवली.

इरफान बसला. त्या वेळी भिंतीकडे कुणीच तोंड केलं नाही. त्यानं परतूर घेतलं. घेताना त्याचे कान लाल झाले होते. मला तो त्या क्षणी नीच वाटला, आणि मी तसं म्हणालोही. ताई माझ्यावरच खेकसली, "गप. बराबर खेळला तो." मग राजधानी तीर्थपुरीला हलवली, तिथं भिंतीचं काम लावलं, खेळ सेव्ह केला आणि क्लासच्या मालकाला सांगून चावी इरफानच्या हातात दिली. "माझी पाळी फोनवर सांगत जाईन. माझ्या जागी हा बसल," म्हणून माझ्याकडे बोट. "आन तू कर माफ करू नको."

रविवारी दुपारी इरफानच्या मोबाइलवर फोन यायचा. पाड्यावर रेंज नव्हती, ती बाजाराच्या गावी येऊन लावायची. पोरं कशी आहेत, जेवण कसं आहे, हे आम्ही विचारेपर्यंत तिचा प्रश्न आलेला असायचा, "तीर्थपुरी हाय का?" असायचीच. इरफानचं घोडदळ परतूरहून हलतच नव्हतं. आज घोडे थकले, आज पूल नाही, आज गोदामात माल आल्ता म्हणून डोकं चालत नाही. एक दिवस ताईनं ओळखलं. मला म्हणाली, "फोन त्याला दे." तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"इरफान, तू मला भीक घालून राह्यला का? तू न्हाई आलास तर माझं राज्य उभं राह्यलं का न्हाई, हे कळणार कसं मला? आज ये. सगळं घेऊन ये. न्हाई तर हा शेवटचा फोन."

इरफाननं फोन माझ्याकडे दिला, "बघून सांग तिला," म्हणत खुर्चीवर बसला आणि होतं नव्हतं तेवढं सैन्य तीर्थपुरीवर सोडलं. घोडदळ गेलं. मागून भाले गेले. मागून दगडफेकी यंत्रं गेली. भिंत पूर्ण झालेली होती, हळूहळू, कुणालाही न उठवता. आतले शिपाई पोटभर जेवलेले होते. एकेक तुकडी आपटून विझत गेली. शेवटची विझली तेव्हा इरफान टेबलावर दोन्ही मुठी आपटून ओरडला, "टिकली! सरकार, टिकली!" स्वतःचं सैन्य संपल्याचा एवढा आनंद झालेला सम्राट मी पाहिला नाही.

मीही फोनमध्ये ओरडलो. पलीकडे बाजाराचा गलका, कुणीतरी भाव सांगत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा नेहमीचा.

"बरं मंग. उठव त्याला, पाळी माझी हाय. तीर्थपुरीच्या उत्तरंला नदीचा वळसा हाय बघ. तिथं माणसं पाठव. गाव वसवायचंय."