बाबांच्या सायकलची हवा

गेल्या शनिवारी सकाळी सायकल घेऊन रामघाटावर पोचलो आणि तिथून क्षिप्रेच्या काठाकाठाने निघालो. बाबा जाऊन तीन महिने झाले, त्यांचा रोजचा रस्ता एकदा बघायचा होता... मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे सांगावंसं वाटलं.

१९५६ साली मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, त्या सुमारास बाबा नदीकाठच्या एका खेड्यात मास्तर होते. सायकलने जाऊन-येऊन करायचे. शनिवारी शाळा अर्धा दिवस, तरी घरी पोचायला चार-पाच वाजायचे. आईने विचारलं की एकच उत्तर... गावातल्यांनी सायकलची हवा काढली.

आईला ते कधीच पटलं नाही. दर शनिवारी, त्याच गावात, त्याच सायकलची? नदीत डुंबत बसत असतील, म्हणायची. जन्मभर चिडवलं त्यांना यावरून. पण ते गेल्यावर एकदा हळूच म्हणाली, "खोटं बोलणारे नव्हते रे... मग थांबायचे तरी कुठे?"

तेवढ्यासाठी निघालो होतो.

रस्ता इतका सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गहू, मध्ये बैलगाडीच्या चाकोरीएवढी वाट. एका रपट्यावरून, म्हणजे नदीतल्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं, तिथे सायकल खांद्यावर घेतली. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका माझी कसरत बघून हसल्या, मग मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी... पुढच्या दोन गावांत तर शिट्टी वाजवत गेलो, वय वर्षं बासष्ट.

बाबांच्या गावात पिंपळाच्या ओट्यावर एक म्हातारे बसले होते. सगळे त्यांना दाजी म्हणत होते. बाबांचं नाव सांगितलं तर माझा चेहरा निरखून म्हणाले, "दखनी मास्साब के लड़के हो?" तिकडे मराठी माणसाला दखनीच म्हणतात. चहा आला. जेवूनच जा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी सवयीने नको नको म्हटलं, आई वाट बघतेय म्हटलं. त्यांनी जास्त आग्रह केला नाही.

मी शाळा बघून आलो. सायकल काढायला गेलो तर दोन्ही चाकं बसलेली... एक पंक्चर समजू शकतो, दोन्ही एकदम?

दाजी शांतपणे ओट्यावर बसून होते. कुर्त्याच्या खिशातून चाकांचे दोन्ही वॉल काढून त्यांनी तळहातावर धरले.

"खाना खा लो, फिर ये मिलेंगे. मास्साब भी कहने से कभी नी रुके... सनीचर को ऐसे ही रोकना पड़ता था. हवा मैं ही निकालता था."

दाजींच्या सुनेने दाल-बाफले, म्हणजे वरण आणि भाजलेले कणकेचे गोळे, वाढले, वर तूप, नको म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही. जेवण झाल्यावर दाजींनी स्वतः वॉल बसवले, नातवाकडून पंप मारून घेतला आणि आईसाठी चार बाफले फडक्यात बांधून दिले.

घरी आलो तेव्हा साडेचार वाजले होते. आईने उशीर का झाला विचारलं. मी म्हटलं, "हवा काढली."

सगळं सांगितलं. ती फडक्यातल्या बाफल्यांकडे बघत राहिली. बाबा हवेचं सांगायचे, जेवणाचं कधीच बोलले नव्हते.

"मी उपाशी थांबायचे ना त्यांच्यासाठी," आई म्हणाली. "म्हणजे तिकडे एवढं तुपातलं जेवून यायचे आणि माझ्यासोबत परत जेवायला बसायचे... दर शनिवारी?"

आणि हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच... डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग ताटं घेतली; आजही ती जेवायची थांबली होती. माझं पोट गच्च भरलेलं होतं, पण मी बसलो तिच्यासोबत. बाबांना हे कसं जमत असेल, ते पहिल्या घासालाच कळलं.