आढीतली डबी
पेंढ्यात पिकायला घातलेल्या हापूसचा वास आला की अजूनही माझं डोकं उठतं, कारण मला आमच्या धाकट्या भावजींची ती आढी आठवते. त्या मे महिन्यात भावजी मुंबईहून रत्नागिरीला आले ते विज्ञान कादंबऱ्यांची चळत घेऊनच. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून ते त्यातली एक आम्हाला सांगत: तिच्यातल्या माणसांना भूक लागल्याचंसुद्धा यंत्रच कळवतं, आणि यंत्र बंद पडल्यावर ती भरल्या ताटासमोर उपाशी मरतात. "काय बावळट माणसं, वहिनी!" असं म्हणत त्यांनी आमच्या आढीत एक डबी खुपसली. आंबे पिकले की ती मोबाइलवर सांगणार होती, तोवर कुणी पेंढ्याला हात लावायचा नव्हता. आठवडाभरात घरभर घमघमाट सुटला. "अरे, नाक आहे ना तुला?" सासूबाई करवादल्या. भावजींनी मोबाइल दाखवला, "अजून दोन दिवस." त्यानंतर रोज विचारलं तरी अजून दोन दिवसच! शेवटी घमघमाट आंबूस झाला तेव्हा मी पदर खोचला आणि "पुरे झालं तुमचं यंत्र," म्हणत पेंढा उपसला. निम्मे आंबे काळे पडून गळत होते, वर चिलटं घोंगावत होती. भावजींनी त्या चिखलातून डबी शोधली, पुसली आणि ते म्हणाले, "अरेच्चा, बॅटरी कधीच संपलेली हिची." यंदा आढी लावली आणि त्यांचा फोन आला, "वहिनी, नवी डबी पाठवतोय. हिची बॅटरी संपली की मोबाइल सांगतो."