आक्काचा बिनसंवादाचा अंक

सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा मला कंटाळा आलाय, असं मी मध्ये एकदा घरात बोलून दाखवलं, तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग सोडा की." तिचं काही चुकलं नव्हतं. पण शाळेत असल्यापासून लागलेला नाद पन्नाशीला टेकल्यावर कसा सुटायचा? दर बुधवारी नवे अंक टॅबवर येतात. मी बँकेतून घरी येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि चिडायला बसतो.

चिडायला कारणं आहेत. आताच्या मालिकांना धीर म्हणून नाही. गोष्ट जरा कुठं रंगात आली की नवा लेखक येतो आणि पुन्हा अंक पहिला. मागचं सगळं पुसायचं, नायकाचा पोशाख बदलायचा, एकाच अंकाची सहा तऱ्हेची मुखपृष्ठं काढायची, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी त्याच माणसाची पुन्हा नव्यानं ओळख करून घ्यायची. वर दरवर्षी एक महासंकट. ते एका मालिकेत सुरू होतं, दुसरीत वाढतं आणि संपतं तिसरीत, जी मी घेतच नाही. कुणी मेलं तर पोटात काही हलत नाही, कारण वर्षाच्या आत तो परत येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रंगांबद्दल तर विचारूच नका. सगळी पानं काळीनिळी, लाईट गेल्यावर काढल्यासारखी.

ही भुणभुण ऐकायला मला एक हक्काचा माणूस होता, माझा मित्र. कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानात एकाच अंकावर आम्हा दोघांचा हात पडला आणि तिथंच आमचं भांडण झालं. ओळख झाली ती अशी. तो गडमुडशिंगीचा. पुढं त्यानं गावातच रस्त्याला लागून मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी लोक त्याच्याकडं आणून टाकायचे आणि तो जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. रविवारी सकाळी मी गाडीला किक मारायचो, त्याच्या दुकानात जाऊन बसायचो आणि आमचं सुरू व्हायचं.

नायकांची खरी नावं आम्ही कधी घेतलीच नाहीत. एका टोळीचा म्होरक्या होता, जगावर संकट आलं की आधी सगळ्यांना गोल बसवून भाषण करायचा. तो सरपंच. आणखी एकजण लई खपतो म्हणून प्रकाशक त्याला प्रत्येक मालिकेत घुसवायचे, कुणाच्याही घरात ऐन जेवणाच्या वेळेला हजर. त्याला आम्ही पावणं म्हणायचो. आणि एक बाई होती, आवाज गिळणारी. ती आली की स्फोट, किंकाळ्या, गोळ्या, सगळं गप. ती आक्का. आक्का माझ्या मित्राची लाडकी. तिच्याबद्दल वाकडं बोललेलं त्याला खपायचं नाही, पण तिच्या लेखकाला तो स्वतः अशा शिव्या हासडायचा की गिऱ्हाईक मोटर खाली ठेवून ऐकत उभं राहायचं.

आमचं दोघांचं मत कधी एक झाल्याचं मला आठवत नाही. मला आवडलेला अंक त्याला भिकार वाटायचा आणि त्याला जो नाद खुळा वाटायचा तो वाचताना मला झोप यायची. सरपंचाच्या नव्या पोशाखावरून तर आम्ही बरेच दिवस बोलत नव्हतो. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मध्ये पडून आम्हाला जेवायला एकत्र बसवलं होतं.

मग साखरेनं त्याचे डोळे धरले. आतल्या पडद्यावर रक्त उतरलं. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की आहे एवढं राहिलं तरी पुष्कळ. आहे एवढं म्हणजे उजेड-अंधार कळायचा, आणि समोरून कुणी गेलं तर काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. तारेचं काम धाकट्या भावाकडं गेलं. मित्र दुकानातच खुर्ची टाकून बसायला लागला, गिऱ्हाइकांशी बोलायला.

सुरुवातीला मी कॉमिक्सचा विषयच काढत नव्हतो. पावसापाण्याचं, उसाच्या तोडीचं असं काहीबाही बोलायचो आणि निघायचो. शेवटी त्यानंच विचारलं, "आक्काचं काय चाललंय?"

"चाललंय की," मी म्हणालो.

"मग वाचून दाखव की. का डोळ्यांबरोबर माझं कानबी गेलं म्हणतोस?"

असं आमचं वाचन सुरू झालं. कॉमिक वाचून दाखवणं काय कटकटीचं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. संवादाच्या फुग्यातलं इंग्रजी आपल्या भाषेत करायचं, कोण बोलतंय ते सांगायचं, आणि मध्येमध्ये चित्रही सांगायचं. जुन्या अंकांत चौकटीच्या वर निदान 'इकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला' असलं काहीतरी लिहिलेलं असायचं, त्याचा आधार असायचा. आताच्या लेखकांना त्याची लाज वाटते. पानंच्या पानं कुणी बोलत नाही. एकजण कपातली कॉफी ढवळतो, चार चौकटी नुसता ढवळतो आणि पाचवीत मान वर करतो. हे तोंडानं काय सांगायचं? मग मी ते पानच गुंडाळायचो.

"तीन पानं नुसता टाइमपास हाय, पुढं जातो," मी म्हणायचो.

"चित्रं कशी हायत?"

"काळीकुट्ट. कायबी कळत न्हाय."

"मारामारी?"

"नेहमीचीच."

वर्षभर असं चाललं. तो ऐकायचा, हूं हूं करायचा. भांडायचा मात्र नाही. मला वाटलं, आजारपणानं खचलाय. खरं म्हणजे दमलो मी होतो. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर मान मोडायची, आणि सुट्टीच्या दिवशी, ज्या गोष्टीत आपलाच जीव उरलेला नाही ती दुसऱ्याला रंगवून सांगायची. ते जमत नव्हतं आणि नाही म्हणवतही नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी सरपंचाच्या अंकाला शिव्या घालत होतो, तेव्हा तो मध्येच म्हणाला, "भावा, हे आता बंद करूया."

"का रं? कंटाळा आला?"

"कंटाळा यायला मला दिसलंय काय? तू अंक सांगत न्हाईस. तू तुझं मत सांगालायस. ह्यो भिकार, त्यो टाइमपास. सगळा न्याय घरातनंच करून आणतोस. मग मी हितं बसून काय करायचं?"

"पण खरंच भिकार हायत की ते."

"असतील. पण भिकार हाय का न्हाय ते मला ठरवू दे." तो तेवढ्यावर थांबला नाही. "भात किती खायचा ते बायको ठरवती. तार कुठली आणायची ते भाऊ ठरवतो. शर्ट पोरगी काढून ठेवती, ती निळा म्हणली की निळा. माझं सोताचं म्हणून एक मत उरलंतं, ते ह्या तुझ्या टॅबातल्या लोकांबद्दल. तेबी तू खाल्लंस."

मागं भाऊ मोटरीचे नट खोलत होता, त्याचा हात थांबला. मला राग आला. चांगलाच आला. रविवारची झोप मोडून मी येतो, घसा फोडतो, आणि वर हे ऐकून घ्यायचं? "मग दुसऱ्या कुणाकडनं तरी वाचून घे," मी म्हणालो.

"दुसरं कोण हाय?" तो म्हणाला. ते त्यानं भांडणाच्या आवाजात विचारलं नाही, म्हणून मला जास्त लागलं.

घरी येताना वाटेतलं उचगाव येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत त्याला उत्तरं देत होतो. एकाहून एक जोरदार उत्तरं. घरी पोहोचल्यावर त्यातलं एकही बरोबर वाटेना. पुढचे काही रविवार मी गेलो नाही. त्याचाही फोन नाही. इतकी वर्षं आम्ही भांडलो ते पुन्हा भेटायचं ठरलेलं असायचं म्हणून, आणि या वेळेला तसं काही ठरलेलं नव्हतं. मी नाही गेलो तर त्याचं कॉमिक्स संपलं, आणि मला तर त्याच्याकडं जायला तेही कारण उरलं नसतं. मला भीती वाटायला लागली.

त्यात आक्काचा नवा अंक आला. गोष्ट अशी की आक्कानं सगळ्या शहराचा आवाज गिळलाय, त्यामुळं अंकात शब्द म्हणून नाही. फुगा नाही, निवेदन नाही, साधं 'धडाम' पण नाही. इंटरनेटवर लोक तो अंक डोक्यावर घेऊन नाचत होते. माझा चहा गार व्हायच्या आत तो वाचून झाला. लेखकानं फुकटचा पगार घेतला असं मला वाटलं. शेवटच्या पानावर आक्काचा नुसता चेहरा, पानभर. चिडलेली, तोंड उघडं, ओरडतेय. ओरडतेय आणि आवाज नाही. बरं मग?

रविवारी मी गाडी काढली. दुकानात शिरलो आणि शेजारच्या स्टुलावर बसत म्हणालो, "आक्काचा अंक आलाय. आन् त्यात वाचायला एक शब्द न्हाय."

माझा आवाज ऐकून त्यानं मान वळवली. मग हसला. "बरं झालं की. आता चित्रंच सांगायला लागतील तुला."

मी पहिलं पान उघडलं. "आक्का रस्त्यावर हाय."

"उभी हाय का चालालीया?"

"चालालीया."

"रस्त्याच्या कडंनं का मधनं?"

मला बघावं लागलं. मधनं चालली होती, मोटारींच्या रांगेच्या मधनं. तिच्या मागं एक कुत्रं होतं, मान वर करून भुंकणारं, आणि अर्थातच त्याचाही आवाज नाही. ते कुत्रं मला घरी दिसलंच नव्हतं. मी ते सांगितलं. त्याला फार आवडलं. रंग कसला, शेपटी कशी, सगळं विचारून घेतलं.

मध्येच माझी जुनी खोड निघायची. "आता हितं उगाच चार चौकटी..." मी म्हणायचो, आणि तो हातात चाळा म्हणून धरलेला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटायचा. "मत," एवढंच म्हणायचा. मी निमूट चौकटी सांगायला लागायचो. घरी चहाच्या एका कपात संपलेला तो अंक वहिनींनी आणलेला बिनसाखरेचा चहा होऊन, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी संपेना. माझा घसा सुकला. डोळे चुरचुरायला लागले. कधी एकदा शेवटचं पान येतंय असं झालं.

"आता नुसता चेहरा हाय," मी म्हणालो. "चिडलीया. वरडालीया."

स्क्रू ड्रायव्हर वाजला.

"लेका, हे मत न्हाय. दिसतंय ते सांगालोय."

"चिडलीया हे तू म्हणालायस. तोंड कसं हाय ते सांग."

मी सांगितलं की तोंड उघडं आहे. किती उघडं, त्यानं विचारलं. ओठ ताणलेत का सैल? भुवया कुठं आहेत? मी सांगत गेलो आणि त्याचं समाधान होईना. शेवटी त्यानं खुर्ची माझ्याकडं ओढली. "असं न्हाय कळत. तू कर."

"काय करू?"

"तुझं तोंड तसं कर. मी बघतो."

पन्नाशीचा बँकवाला माणूस रस्त्यालगतच्या दुकानात तोंड वासून बसणार. भाऊ मागून बघत होता. पण मित्रानं हात पुढं केलेला होता. मी टॅब मांडीवर घेतला आणि चित्राकडं बघत एकेक गोष्ट जुळवायला लागलो. भुवया मधल्या टोकाला वर उचलल्या. पापण्या अर्ध्यावर आणल्या. जबडा मी आधी आवळला होता, पण चित्रात तो आवळलेला नव्हता, म्हणून सोडून दिला. त्यानं बोटं माझ्या कपाळावर ठेवली. तारेनं पडलेले चरे अजून होते त्या बोटांना, मोटरीच्या वार्निशचा वास मात्र गेला होता. बोटं सावकाश भुवयांवरून, पापण्यांवरून खाली आली आणि तोंडाच्या कोपऱ्यापाशी थांबली.

"ही वरडत न्हाय," तो म्हणाला. "हिचं वरडून झालंय. आता तोंड मिटायचंबी त्राण न्हाय तिच्यात. दमलीया ती."

मी चित्राकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं तरी मला आता चिडलेली आक्का दिसेना.

"चित्रकाराला मानलं," तो म्हणाला. "पण लेखक भिकारच हाय. सगळं शेवटच्या पानाला ठेवतंय बेनं. कुत्र्यापाशीच संपवायला पायजे होता अंक."

"कुत्र्यापाशी संपला असता तर हे पान कुठनं आलं असतं? आन् चित्रकाराला हे काढायला सांगितलं कुणी? लेखकानंच की." मी त्या लेखकाची बाजू घेऊन बोलत होतो. माझं मलाच नवल वाटलं.

"तुला लेखनातलं कळतंय काय?" तो म्हणाला, आणि एवढ्या महिन्यांनी आम्ही भांडलो, अगदी पहिल्यासारखं, एकमेकांचं न ऐकता. फक्त त्याचा हात माझ्या गालावर तसाच राहिला होता. बोलता बोलता तो थांबला. अंगठा माझ्या डोळ्याखाली फिरवला.

"हे तोंड तू तिचं केलंतंस न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"अंक मिटलाय. तरी तोंड तसंच हाय तुझं."

त्यानं हात काढून घेतला, स्क्रू ड्रायव्हर चाचपून जागेवर ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ नगंस. घरात झोप काढ. त्याच्या पुढच्याला ये. आन् विचारत न्हाय मी, ठरवलंय."